खांद्यापर्यंतच गेलेला हात

डॅग्नी हाल्वर्सन आमच्या मिनेसोटातल्या छोट्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. नव्या अभ्यासक्रमातून तिची दगड बघायची सहल आणि तिचा सहकारी वेंडेल शिकवतो ते लॅटिन, दोन्ही वगळायचं घाटत होतं. सहल वाचावी म्हणून तिने अर्थशास्त्रवाल्यांशी गुपचूप सौदा केला. त्यांनी सहलीला मत द्यायचं, तिने लॅटिनच्या विरोधात.

प्राध्यापकांच्या सभेत सहलीचा विषय निघताच पहिला उठला तो वेंडेल.

“दरवर्षी हिची व्हॅन मीच चालवतो. पोरं चिखलात लोळून येतात, पण शहाणी होऊन येतात. सहल काढाल तर याद राखा!”

सगळे हसले. सहल वाचली. खाली बसताना तो पुटपुटला, “आता माझ्या वेळी तू बोल हं, बाई.”

लॅटिनची वेळ आली. डॅग्नी बोलली नाही. वगळण्याच्या बाजूचे हात मोजले जाऊ लागले, तेव्हा तिचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. वेंडेलने तो पाहिला.

लॅटिन गेलं. कागद आवरताना त्याने विचारलं, “सहल कधी आहे गं? व्हॅनचे ब्रेक दाखवून आणायला हवेत.”

डॅग्नीला मान वर करता आली नाही.