तुलनेचं गाव

माझी धाकटी नणंद कृषी विस्तारात एम.एस्सी. करते. आमचे हे तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. पाणी दिलं तरी कुठल्या विहिरीचं म्हणून विचारील! एका गावात टोमॅटो लावणाऱ्या बायकांच्या फोनवर पिकाचा सल्ला धाडायचा, दुसऱ्या गावात नाही, आणि हंगाम संपल्यावर फरक बघायचा, असं तिचं संशोधन. सल्ला माझ्या आवाजात भरलेला. “वहिनी, दादाला दटावतेस तसं बोल,” म्हणाली होती.

तिच्या मार्गदर्शक सरांची ताकीद एकच. तुलनेच्या, म्हणजे दुसऱ्या गावात सल्ला द्यायचा नाही, दिला की वर्ष पाण्यात. आणि ह्यांनी तिला बजावलेलं, हे वर्ष शेवटचं, मग नोकरी बघ.

त्या दिवशी पिकाच्या नोंदी घ्यायला मी तिच्या सोबतीला गेले, तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तुलनेच्या गावातल्या एका बाईनं आम्हाला ओढतच शेतात नेलं. पानांवर काळपट डाग.

“ताई, हे काय हो आलंय?”

करपा होता. सकाळीच पहिल्या गावात माझा आवाज सांगून आला होता, डागाळलेली पानं आजच तोडा, लांब नेऊन पुरा, फवारणीला उशीर नको. शब्द ओठांवर आले. नणंदेनं माझं मनगट आवळलं.

“बघून... सांगते,” ती पुटपुटली.

“बघताय की! आता काय मुहूर्त काढायचाय?”

आम्ही थांब्यावर आलो. तिचा चेहरा उतरलेला. मी मनात देवाचं नाव घेत उभी.

“वहिनी, बोल ना काहीतरी.”

“तोंड उघडलं तर सल्लाच बाहेर पडेल, बाई.”

ती हसली नाही. बस आली, दार उघडलं. तिनं पाय वर ठेवला, परत खाली घेतला आणि उलट्या वाटेनं चालू लागली. मी धापा टाकत मागे.

बांधावर पोचल्यावर तिनं आधी सरांना फोन लावला. “सर, मी इथे सांगणार आहे.”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “मग ते गाव बाद. पुढच्या हंगामात सगळं पहिल्यापासून. कळतंय ना?”

“कळतंय, सर.” तिनं फोन ठेवला.

बाई कावरीबावरी झाली. “ताई, माझ्यापायी तुमचं काही बिघडलं का?”

“ते राहू द्या. आधी ही पानं तोडायला घ्या.” नणंद खाली बसली. “वहिनी, तू पलीकडची ओळ धर.”