दुसरं झाकण

समस्त नातेवाईक व हितचिंतकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, स्नेहलतागंजातल्या आमच्या गच्चीवरच्या आडूला, म्हणजे पीचच्या झाडाला, यंदा एकच फळ आलं. (लागली होती टोपलीभर. बाकीची मी गळवली!)

रोप दिलं होतं महू गावी राहणाऱ्या माझ्या सासरेबुवांनी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या निवृत्त सुभेदारांच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघालेला नाही. म्हटलं, यंदा असे आडू खिलवतो की तोंडातून कौतुकच बाहेर पडलं पाहिजे!

त्यासाठी फळं फुगवणारं संजीवक आणलं. दुकानदाराने बजावलं, "भिया, पंपभर पानी में एक ढक्कन. थोड़े फल गिरेंगे, बाकी मोटे होंगे. बस, एकच!"

घरी येऊन मी दोन झाकणं ओतली.

"अहो, एकच सांगितलंय ना त्याने?" आमची सुमन.

"तो सगळ्यांना एकच सांगतो. तू टेंशन नको घेऊ!"

आठवड्याभरात गच्चीवर टपटप सुरू झाली. शेजारच्या मालूताई ओरडल्या, "अगं सुमन, कपडे काढ, गारा पडताहेत!" सुमन सुपात हिरवे आडू गोळा करतेय आणि मी झाडापुढे हात जोडून, "बस कर ना यार!" झाडाने ऐकलं. एक उरल्यावर!

पण तो एक असा फुगला म्हणून सांगू! मी त्याला मच्छरदाणी शिवली. सकाळ-संध्याकाळ त्याची विचारपूस.

"माझ्या बाळंतपणात इतक्या चकरा नव्हत्या मारल्या!" सुमन म्हणाली.

अखेर सासरेबुवा आले. चांदीच्या ताटात लालबुंद आडू, शेजारी सुरी.

"वा!" ते म्हणाले. (पंचवीस वर्षांतला पहिला 'वा'!)

मी सुरी चालवली. खट्! कोय आधीच दुभंगलेली, आत कचोरी मावेल एवढी पोकळी आणि उरलेल्या गराला चव काकडीची.

"बाबा, जीरावन मसाला भुरभुरू का?" सुमनने सावरून पाहिलं.

सासरेबुवांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुजही पार पलासिया चौकापर्यंत पोचते. लेकीच्या कानाशी वाकून ते हळूच गरजले,

"सुमे, हा अगदी जावयांवर गेलाय गं! दिसायला भरदार, आत पोकळ!"