पिवळ्या चादरी

तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे हनुवटीबाई. तिच्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेल्या माणसाने ‘हनुवटी खाली!’ ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं, मग तो बँकेचा मॅनेजर असो की जन्मात पहिल्यांदा कोट चढवलेला नवरदेव. नवरा गेल्यावर तिने स्टुडिओ एकटीने चालवला. घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, मागच्या खोल्या म्हणजे संसार, आणि दोन्हीकडे तिचाच हुकूम. मुलगा होता, पण तो सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी आई आणि बायको यांच्यामधून, भिंतीला अंग घासत जाणाऱ्या मांजरासारखा, आत सरकायचा.

सून आली ती माणसांचे फोटो काढायची हौस घेऊनच.

“आई, मला शिकवाल?”

सासूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आधी दिवे उचलायला शीक.”

मग ती शिकली, शिव्या खात खात. दिव्यावर पांढरी छत्री लावतात म्हणजे उजेड मऊ होतो, हे तिला असं कळलं: “छत्री तशी का धरलीस? आत पाऊस पडतोय?” दिवा किती उंच असावा, ते असं: “नाकाची सावली बघ. ओठावर उतरली की बाईला मिशी फुटते. वर घे. अगं किती वर? आता डोळ्यांच्या जागी खड्डे झाले, भूत दिसतंय ते!” भूत म्हणजे समोर बसलेलं गिऱ्हाईक. त्याचा जबडा आवळला जायचा, डोळ्यांत ठिणगी यायची, आणि नेमकी तेव्हाच सासू बटण दाबायची.

“गोड बोललं की माणूस टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा हसतो,” ती म्हणायची. “चिडला की स्वतःसारखा दिसतो. तू आपली ‘काका, जरा स्माइल’ करत बस.”

खांदे तिरके, चेहरा समोर, हात मांडीवर पण पीठ मळून दमल्यासारखे नाहीत. सून हे सगळं शिकली. कॅमेराही कधीमधी हातात मिळू लागला. मिळाली नाही ती कॉम्प्युटरसमोरची खुर्ची. फोटोचा रंग तिथे ठरायचा. चेहरा उबदार ठेवायचा की थंड, कातडी किती तांबूस, सावली किती गडद, हे सासू एकटी ठरवायची. “रंगाला हात लावायचा नाही,” तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. सुनेला हवी होती ती नेमकी तीच खुर्ची. ती मिळेपर्यंत आपण या स्टुडिओतली हमाल आहोत, हे तिला ठाऊक होतं. सासूने एका गिऱ्हाइकासमोर तिची ओळख तशीच करून दिली होती: “ही आमची दिवेवाली.”

चादरींचं भांडण सुरू झालं ते याच सुमारास.

“या काय धुतल्यास? पिवळ्याधमक! माहेरी पांढरं कसं असतं ते दाखवलं नव्हतं का कुणी?”

सुनेने चादरी पुन्हा भिजवल्या, घासल्या, उन्हात घातल्या. पिवळ्याच. साबण बदलला. पिवळ्याच. शेवटी सासू करवादली, “नीळ घाल की जरा! पिवळं मारायला निळं लागतं, हेही मीच सांगू?” सुनेने रागाच्या भरात निळीची अर्धी बाटली बादलीत उपडी केली. चादरी आभाळासारख्या निळ्या निघाल्या. सासूने दोरीवरची एक चादर बोटांनी चाचपली आणि म्हणाली, “आता कुठे पांढऱ्या दिसतायत.”

सून हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिली.

दुपारी तिने खुर्चीच्या मागून स्क्रीनकडे पाहिलं. एका आजीबाईंचा फोटो होता. सासू पुटपुटत होती, “केवढा पिवळा चेहरा, कावीळ झाल्यासारखा,” आणि माउसने निळा रंग चढवत होती, चढवतच होती. आजीबाईंचे ओठ थंडीने काकडल्यासारखे दिसू लागले तेव्हा तिचं समाधान झालं.

सुनेच्या सगळं लक्षात आलं. सासूच्या डोळ्यांवर काहीतरी साचलं होतं आणि ती त्याच्यातून जग बघत होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. सून ते वाक्य गिळून स्वयंपाकघरात गेली. सांगितलं असतं तर काय ऐकावं लागेल, ते तिला पाठ होतं: माझ्या डोळ्यांत खोट काढतेस? खुर्चीवर नजर आहे तुझी! आणि नजर तर होतीच. दुसऱ्या दिवशी तिने बादलीत नीळ आणखी वाढवली. चादरी काय, नवऱ्याचे बनियनही निळे झाले. तो ते तसेच घालून डबा घेऊन निघाला.

प्रिंट निळसर जात राहिल्या. लोक मावशीच्या तोंडाला भिऊन गप्प घेऊन जात. गप्प बसला नाही तो शिंपी. दुकानात लावायला त्याने स्वतः शिवलेल्या कोटात फोटो काढून घेतला होता. तो भर दुपारी आला, एका हातात प्रिंट, दुसऱ्या हातात कोट. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली.

“मावशी, हा काय रंग केलात? माझा कोट निळा?”

“उलट बोलू नकोस. पिवळट कोट घालून आलास, म्हणून तर मी सुधारून दिला! कापड तरी बघून घेत जा.”

“पिवळट?” शिंप्याने कोट तिच्या हातात दिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “मावशी, पांढरा आहे हो हा.”

सासूने कोट दारातल्या उजेडात धरला. मग वळली. “तू सांग गं. कोणता रंग?”

सुनेने एकदा खुर्चीकडे पाहिलं. “पांढरा.”

“आणि चादरी?”

“त्याही पांढऱ्याच होत्या. तुम्ही नीळ घालायला लावेपर्यंत.”

बाकावरचं एक गिऱ्हाईक खोकलं. सासूने कोटाची नीट घडी घातली, शिंप्याला दिली आणि आत गेली. त्या दिवशी स्टुडिओत कुणालाच हनुवटी खाली घ्यावी लागली नाही.

सासूच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. महिनाभर घरात दोघी एकमेकींशी भांड्यांच्या आवाजात बोलल्या. खुर्चीवर सून बसत होती आणि कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, पण बस असंही म्हणालं नाही. बसताना दर वेळी ती दाराकडे बघायची.

मग एका सकाळी सासू काळा चष्मा काढून स्टुडिओत आली आणि स्वतः स्टुलावर बसली.

“काढ माझा फोटो. आणि गोड बोलू नकोस.”

सुनेने दिवा डोळ्यांच्या जरा वर घेतला. नाकाची सावली पाहिली. सावली उजळावी म्हणून त्या बाजूला पांढरा पुठ्ठा टेकवला. “हनुवटी खाली.”

सासूने ती मुद्दाम वर केली.

“खाली म्हटलं! चादरी घासून घासून माझ्या हातांची सालं निघाली, आई.”

“आणि तुला माहीत असून मला चार लोकांत आंधळी ठरवलंस, त्याचं काय?” तिचा जबडा आवळला. ताज्या, स्वच्छ डोळ्यांत ठिणगी पेटली.

सुनेने बटण दाबलं.

ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. सासू खुर्चीच्या मागे उभी राहिली, इतकी जवळ की तिचा श्वास सुनेच्या मानेवर लागत होता. स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर सुनेने थोडा तांबूस, उबदार रंग चढवला. सुरकुत्या मऊ झाल्या. घरोघरी भिंतीवर असतात तशी एक मायाळू म्हातारी तयार झाली.

“पुसून टाक ते,” सासू म्हणाली.

सुनेचा हात थांबला. “का? बरा दिसतोय की.”

“बरा दिसतोय, पण मी नाहीये ती. थोडी थंड कर. एवढी प्रेमळ मी कधी होते गं तुझ्याशी?”

सुनेने ऊब उतरवली. सासू बघत होती, पण माउसकडे हात नेला नाही.

“आणखी,” ती म्हणाली. “आणखी थोडी. हां. थांब तिथेच.”