तोंडातली पत्ती

“चपला तिकडे काढा आणि इथे, पायरीच्या खाली उभे राहा.”

कार्यक्रमाच्या आयोजक मॅडम हे गोड आवाजात म्हणाल्या. जळगावचं एसी सभागृह. जुन्या संगीताचा महोत्सव, सोबत अभ्यासकांचा परिसंवाद. स्टेजवर पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या. सकाळी गाऊन गेलेल्या बुवांसाठी गादी होती, लोड होता. माझ्यासाठी पायरीखालची फरशी.

मला बोलता येत नव्हतं. सनईची पत्ती ताडाच्या पानाची असते. वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवावी लागते. माझी पत्ती तोंडात होती.

मी धुळ्यात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. त्याआधी बैलबाजारात दलाल होतो, रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेत. कुणी मला फसवलं तर मी गप्प बसत नाही. या कार्यक्रमात वेशीची चाल वाजवायला बोलावलं, तेव्हाही एकच अट घातली होती. मानधनाचं बोललोच नव्हतो. फोनवर म्हणालो होतो, “मॅडम, स्टेजवर खुर्ची पाहिजे.” त्या म्हणाल्या होत्या, “अहो, हे काय सांगणं झालं? नक्की.” बाजारात एवढ्यावर सौदा पक्का होतो.

आता त्याच मॅडम समजावत होत्या, “गैरसमज नको. आत्ताच मी यावर निबंध वाचला. वाजंत्री ओट्याखाली उभे, यजमान ओट्यावर. वेशीच्या चालीचा श्वास उभ्यानंच घडलाय. बसून वाजवलंत तर अस्सलपणा जाईल. आपली सांस्कृतिक ठेव आहे ही.”

आपली.

ओटा मला निबंधातून कळायची गरज नव्हती. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात बाप लग्नांत सनई वाजवायचा. वेशीतून वरात आत घेताना ही चाल. आमची घरं गावाच्या टोकाला. वाजंत्र्यानं ओट्याची पायरी चढायची नाही. एका लग्नात त्याला भर उन्हात अनवाणी उभा केला होता. पत्ती तोंडात भिजत होती. ओट्यावरून नवरदेवाचा काका ओरडला, “फुक ना रे! आज शिळं पडनं नही का पोटमा?” सगळं वऱ्हाड हसलं. बापानं पत्ती सनईला लावली आणि वाजवलं.

घरी येऊन तो आईला एवढंच म्हणाला, “आते कोनाज दारमा वाजाडानं नही.”

मरेपर्यंत वाजवलं नाही. पण सनई टाकलीही नाही. मला शिकवली. खाटेवर बसवून. मी मध्येच उभा राहिलो की खांदा दाबून खाली बसवायचा. कारण कधी सांगितलं नाही. सभागृहातल्या त्या पायरीखाली उभा राहिलो तेव्हा मला ते कळलं.

सूर धरायला माझा चुलतभाऊ आला होता, नाना. तो चपला काढून मोकळाही झाला होता. कानाशी येऊन म्हणाला, “भाऊ, जाऊ दे ना. दहा मिनिटनं काम शे.”

मी पत्ती तोंडातून काढली.

“मॅडम, अस्सल पाहिजे ना? मग बठ्ठं, सगळंच अस्सल करू. माईक बंद करा. एसी बंद करा. त्या काळात बाया निबंध वाचत नव्हत्या. तुम्ही डोक्यावर पदर घ्या आणि आत जा. मी पायरीखाली उभा राहतो. बोला, आहे सौदा?”

त्यांचा चेहरा पडला. पहिल्या रांगेतल्या माना खाली गेल्या. अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले, “अहो, एवढ्या मोठ्या व्यासपीठावर तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही...”

“व्यासपीठावर कुठं, साहेब? खाली.”

“तुम्ही नाही वाजवलंत तर ही चाल संपेल हो,” मॅडम म्हणाल्या. आवाज खरंच कापत होता.

ते खोटं नव्हतं. ही चाल पूर्ण वाजवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. तिच्यात एक जागा आहे, सूर वर जाता जाता अडतो, तिथे मला आजही बाप दिसतो. चाल गेली तर त्यांच्या परिसंवादातला एक विषय जाईल. माझा बाप जाईल.

पण त्यांना चाल एकटी नको होती. चालीबरोबर पायरीखालची माझी जागाही जतन करायची होती.

मी पत्ती रुमालात गुंडाळली. नानाला म्हणालो, “चपला घाल.” मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून बाहेर पडलो. धुळ्याच्या बसमध्ये नाना माझ्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसला.

यंदा पुन्हा महोत्सववाल्यांचा फोन आला. “या वेळी खाली छान गालिचा अंथरू.”

गालिचा! माझ्याशी घासाघीस करत होते.

मी म्हणालो, “खुर्ची. स्टेजवर. तिचा फोटो आधी पाठवा, मग निघतो.”

फोटो आलेला नाही. पत्ती डबीत कोरडी पडली आहे. खुर्ची दिसेपर्यंत ती कोरडीच राहील. चाल मेली तरी.