शेवटच्या पाटीवरचा नववा गडी

अण्णा गेल्याचं शेजारच्या आक्कानं दारात येऊन सांगितलं तेव्हा मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते, आणि खरं सांगायचं तर माझा हात थांबला नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, शहापुरातल्या आट्यापाट्यांच्या संघाचे कप्तान. शोकसभेला पार खडेबाजारापासून माणसं आली होती. वेड लागलेल्या धाकट्या भावाला मैदानावर नेऊन माणसांत आणणारा देवमाणूस, असं तिथं तिघांनी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात ते पेपरात छापूनही आलं. तो धाकटा भाऊ, शिवा, म्हणजे माझे यजमान. गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत, एवढं मलाही कळतं... पण छापून आलं ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं माझ्या वाट्याला आलं होतं.

अण्णांचं अर्धं आधी सांगते. विशीत यजमानांना मागाच्या खटखटीत कुणीतरी हाका मारतंय असं ऐकू येऊ लागलं. विणता विणता उठायचे आणि खानापूरच्या वाटेला लागायचे. अंगारे झाले, मिरचीची धुरी झाली. शेवटी मागाशेजारच्या खांबाला त्यांचा पाय बांधला गेला. अशात एकदा सामन्याला एक गडी कमी पडला. मैदानावर आखलेल्या नऊ पाट्या, एकेका रेघेवर एकेक गडी; आठच गडी असले की एक पाटी उघडी पडते. अण्णांनी घरी येऊन भावाची दोरी सोडली, त्यांना शेवटच्या पाटीवर उभं केलं आणि बजावलं की या रेघेवरून हलायचं नाही, ओलांडून जाईल त्याला शिवायचं. पाटी ओलांडणारा गडी बघतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे. चांगले चांगले त्या नजरेला फसतात. यजमान आजारात कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. त्यांना नुसते पाय दिसले. त्या दिवशी त्यांच्या पाटीवरून एकही गडी पार झाला नाही, आणि घरी येऊन त्यांनी भाकरी मागून घेतली. मग ते रोज जाऊ लागले. बाकीचे आठजण त्यांची मर्जी राखत नसत. चुकलं की इतरांवर ओरडत तसेच त्यांच्यावरही ओरडत. ते आले नाहीत तर खेळ अडायचा, आणि हे त्यांना माहीत होतं. वर्षभरात ते पुन्हा मागावर बसले. हे अण्णांनीच केलं. नाही कोण म्हणतंय?

माझे वडील निपाणीजवळच्या खेड्यात शाळामास्तर होते आणि आट्यापाट्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. स्थळ बघायला आले तेव्हा अण्णांनी त्यांना घरी न नेता थेट मैदानाच्या कडेला नेऊन बसवलं. घरी दोन प्रश्न विचारले असते तर सगळं उघडं पडलं असतं. मैदानावर नवरामुलगा सगळ्यांत शहाणा दिसत होता. वडील हरखून परत आले आणि आईला म्हणाले, "पोरगा कुणाच्या हुलीला भुलत न्हाय." लग्न झालं, आणि महिन्याभरात अण्णांनी त्यांचा खेळ बंद केला. मैदानावर काही झालं तर व्याह्यांच्या कानावर जाईल, ही भीती. ज्यानं माणूस उभा राहिला होता तेच काढून घेतलं. पुढच्या अमावास्येपर्यंत यजमान जेवेनासे झाले, बोलेनासे झाले. मग अण्णांनी खुंटीवरची दोरी काढली. ती मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. त्या दोरीकडे बघून मला समजलं की ही बांधायची पहिली वेळ नव्हे. मी पदर सावरून विचारलं की पूर्वी हे बरे कशानं झाले. गाठ मारता मारता अण्णा म्हणाले, "खेळायचा तवा बरा हुता."

"मग खेळू द्या की."

"आणि तुझ्या बापाला काय सांगू?"

मी परसात राखेची रेघ ओढली, काष्टा घट्ट केला, यजमानांना सोडून रेघेवर उभं केलं आणि ओलांडायला लागले. त्यांनी मला दोनदा शिवलं आणि ते खाली बसले. त्यांना पाठीमागून ओरडणारे आठजण हवे होते, मी एकटी काय पुरणार? दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी मैदानावर गेले. शहापुरातली सून पुरुषांच्या खेळात जाऊन उभी राहिली, ही गोष्ट लोक वर्षभर चघळत होते. अण्णांच्या देखत मी त्या आठजणांना म्हणाले, "तुमचा नववा गडी घरात बांधून ठेवलाय." संघातला बसाप्पा माझ्यामागून घरी आला, त्यानं दोरी सोडली आणि यजमानांना घेऊन गेला. अण्णा माझ्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. पुढं आम्ही वेगळे निघालो तेव्हा ती दोरी मी मागून घेतली आणि माझ्या घरात खुंटीला टांगली, परत कुणाच्या हाती लागू नये म्हणून. आजार काही गेला नाही. हाका अजून येतात, वाईट महिनेही येतात; पण बांधायची पाळी आली नाही.

शेवटच्या भेटीत अण्णा अंथरुणावरून म्हणाले, "शिवाला मैदानावर मीच नेलं की गं." मी म्हटलं, "व्हय. आणि काढलं तेबी तुमीच." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं... मला त्याचा पस्तावा नाही.

तिरडी बांधताना सुंभ कमी पडलं. कुणीतरी दोरी मागितली, तशी मी घरी जाऊन खुंटीवरची ती दोरी आणून दिली. मनात काय होतं ते लपवत नाही: एकदा त्यांनाही बांधून घेऊ देत. पुढचं बसाप्पानं सांगितलं. स्मशानात लोक दोऱ्या कापायला लागले तेव्हा यजमानांनी त्यांना अडवलं, खाली बसले आणि ती गाठ नखांनी सोडवत राहिले. सगळे ताटकळले. ते एवढंच म्हणाले, "बांधल्यावर पाय लई दुखत्यात. अण्णाला ठावं नव्हतं."

ती दोरी खांद्यावर टाकून ते घरी आले आणि त्यांनी ती पुन्हा खुंटीला लावली. तिरडीची वस्तू घरात ठेवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. अण्णांची माया मला आजही येत नाही. पण अजून एखादा गडी कमी पडला की यजमानांना बोलावणं येतं, आणि मैदानावर निघताना ते त्या दोरीला हात लावून जातात. मी ती काढलेली नाही.