दस्तगीरचाचांचा दिवा

दस्तगीरचाचा रानातून चालताना मधेच थांबत, उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटत आणि मान तिरकी करून ऐकत. "साहेब, जरा बाजूला या. हितं खाली पोकळ हाय." मी चार पावलं बाजूला होई आणि मनातल्या मनात हसे. भूम तालुक्यातल्या त्या गावी मी ग्रामसेवक म्हणून नुकताच आलो होतो. बांधबंदिस्ती आणि सुधारित बियाणं यांवरची पुस्तकं वाचून आलेला, म्हणजे शहाणाच.

खाली पेवं होती. माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड आणि आत मुरमात खोदलेलं खोलीएवढं पोट. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर धोंडा ठेवून चिखलानं लिंपायचं. निजामी राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत साऱ्या गावानं, हिंदू काय आणि मुसलमान काय, आपलं धान्य चाचांच्या भरवशावर असं पुरलं होतं. कुणाचं कुठं, हे एकट्या चाचांना ठाऊक. त्यांच्याबरोबर शिवार फिरताना प्रत्येक रानाची हकिगत कळे. "ह्या पट्टीत आमच्या वालिदांनी कापूस लावला हुता, लई फसला. त्या बोरीखाली महादू उतरला. त्याला काढाया त्याचा भाऊ उतरला. दोगं बी खालीच ऱ्हायले." कापसाचं आणि भावांचं ते एकाच आवाजात सांगत. मला ते आवडत नसे.

बंद पेवात वाईट हवा धरते. म्हणून धोंडा आदल्या दिवशी काढायचा, तोंड रात्रभर उघडं ठेवायचं आणि सकाळी टोपलीत तेलाचा दिवा ठेवून दोरीनं खाली सोडायचा. दिवा तळापर्यंत तेवत राहिला तरच उतरायचं. "हुकूम दिव्याचा, साहेब. आपला न्हाय," चाचा म्हणत. मी माझी नवी कोरी बॅटरी दाखवून त्यांची थट्टा करी. "चाचा, हिचा उजेड बघा, तळातली मुंगी दिसते." ते हसत आणि म्हणत, "मुंगी दिसंल. हवा दिसंल का?"

त्या वर्षी आमच्या गावी शिवारफेरी ठरली. तामलवाडीकडचे शेतकरी ट्रकनं येणार होते, वरचे साहेबही येणार होते. पेवात तीन वर्षं टिकलेली ज्वारी पाहुण्यांना दाखवायची, ही कल्पना माझी. आदल्या दिवशी चाचा बाजाराला गेले होते. धोंडा काढून ठेवायचं मी कबूल केलं आणि तोरणं बांधण्याच्या नादात साफ विसरलो. आठवलं तेव्हा पाहुणे वरच्या रानात पोचले होते. दोन गड्यांना घेऊन मी घाईघाईनं धोंडा सरकवला. आतून कोमट, आंबूस वाफ तोंडावर आली.

चाचा मंडळींना घेऊन आले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "धोंडा कालच काढला न्हवं?"

चारचौघांत नाचक्की नको म्हणून मी म्हणालो, "हो."

"मग दिवा घिऊन येतो," म्हणून ते लिंबाखाली ठेवलेल्या टोपलीकडे गेले. वाऱ्यानं त्यांच्या काड्या विझत होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी बॅटरी आत मारली, तळ लख्ख दिसला. कडेच्या खोबणीत पाय देत मी उतरलो. ज्वारीची मूठ भरल्याचं आठवतं. पुढचं काही आठवत नाही.

पुढचं मला पाहुण्यांनी सांगितलं. चाचांनी हाका मारल्या, मग दिवा सोडला. तो पुरुषभर खाली जाताच विझला. चाचांनी विझलेला दिवा वर ओढून घेतला, नीट बाजूला ठेवला आणि दोरीचं टोक दातांत धरून उतरले. दोरी माझ्या कमरेला बांधून त्यांनी हिसका दिला. मला वर ओढलं. दोरी पुन्हा खाली सोडली, ती कुणी धरली नाही. दुपारी पेवात वारा घालून, दिवा तळाशी जळतोय हे पाहून, चाचांना वर काढलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. खतिजाचाची दारात बसल्या होत्या.

"दिवा सोडला हुता का त्यांनी?"

"सोडला होता."

"मग?"

"विझला."

"विझल्यावर कदीच उतरले न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "त्यांचा सख्खा भाऊ खाली हुता, तवा बी न्हाई." मग माझ्याकडे बघून विचारलं, "धोंडा आदल्या दिशीच काढला हुता न्हवं?"

माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं. "हो."

"मग तुमचा काय दोष, साहेब? अल्लाची मर्जी." त्या उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. ते मी प्यालो.