हाळीचे पॉइंट

माझी ताई लिफ्टची मेकॅनिक. अर्ध्या गावच्या मशीनरूमच्या किल्ल्या तिच्या कमरेला खुळखुळायच्या. ‘बाईमाणूस कसं दुरुस्त करणार’ म्हणणाऱ्या वॉचमनला ती त्याच्याच लिफ्टमधून वरखाली फिरवून आणायची आणि मग सहीला कागद पुढे करायची. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मला राग लवकर येतो. माझ्याबद्दल एवढं पुरे.

दर रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून आम्ही चौघं सुपरहिरो व्हायचो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ताई, मी, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. कागद, पेन्सिल, फासे, वाळूचं घड्याळ, बस्स. एकाने गोष्ट सांगायची, संकटं आणायची. बाकीच्यांनी आपापला हिरो घेऊन त्यात उडी मारायची. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही लिफ्टमन म्हणायचो, कारण कोणाला वर न्यायचं आणि कोणाला खाली, ते त्याच्या हातात. वर्षानुवर्षं आमची लिफ्टमन ताईच होती.

हिरो मात्र ज्याचा त्याने बांधायचा. प्रत्येकाला शंभर पॉइंट. त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. उडायचंय? एवढे पॉइंट. भिंतीपलीकडचं दिसायला हवंय? तेवढे. सगळं हवं असतं आणि शंभरात काहीच मावत नाही. मग माणूस उणीव घेतो. हिरोला एखादी खोड, भीती, दुखणं लावायचं आणि त्या बदल्यात जास्तीचे पॉइंट मिळवायचे. इथेच सगळ्यांची अक्कल चरायला जाते. माझा हिरो पहाड. अंगात राक्षसाची ताकद आणि उणीव कसली, तर उंटाची भीती. म्हटलं, आपल्या गोष्टीत उंट कुठून येणार? पॉइंट फुकटात खिशात. दुसऱ्याच रविवारी ताईने गावात सर्कस आणली.

“जी उणीव कधी आडवी येत नाही, तिचे पॉइंट मिळत नाहीत,” ती म्हणाली. “लिफ्टला काउंटरवेट असतं ना, पलीकडून ओढून धरणारं वजन? त्याच्या जोरावर लिफ्ट वर जाते. ते पोकळ असलं की मोटर जळते. उणीव म्हणजे तेच. पोकळ वजन माझ्याकडे चालणार नाही.”

त्या दिवशी पहाड एका कपाटात लपून बसला आणि खलनायक आरामात बँकेतून बाहेर पडला. मी चडफडत घरी गेलो.

मग ताईला मेंदूचा झटका आला. सकाळी चहाचा कप धरल्या हाताने ती खुर्चीवरून घसरली. हातपाय महिन्याभरात वठणीवर आले, शब्द आले नाहीत. म्हणजे डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. तोंडातून मात्र हवा तो शब्द निघायचा नाही. चमचा मागायचा असला की ‘किल्ली’ म्हणायची, आपण चुकीचं बोललो हे तिलाच आधी कळायचं आणि ती डोळे मिटून पुन्हा सुरुवात करायची. कंपनीने तिला वर चढायला मनाई करून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, “घरच्यांनी यांचे शब्द पुरे करू नका. यांना शोधू द्या.” आम्ही मान डोलवायचो आणि पुढच्याच वाक्याला तिचा शब्द तिच्या तोंडात कोंबायचो. तिचा जीव अडला की आमचाच घुसमटायचा.

लिफ्टमनची खुर्ची मास्तरांकडे गेली. ताई रविवारी आतल्या खोलीत पडून राहायची. खुर्ची गेली याचं तिला दुःख होतं, पण लोक आपल्यासाठी हळू बोलायला लागले याचा संताप त्याहून मोठा होता. तो मला ओळखता आला, कारण तो आमच्या घराण्यातच आहे.

एका रविवारी ती बाहेर आली आणि टेबलाशी बसून तिने कोरा कागद ओढला. तिला नवा हिरो बांधायचा होता. सगळ्यांना प्रेमाचं भरतं आलं.

“ताई, तुम्ही मनाने बोलायची शक्ती घ्या,” नर्सबाई म्हणाल्या. “तोंड उघडायलाच नको.”

ताईने नुसती नकाराची मान हलवली. मी सुचवलं, मुकी पण वाऱ्यासारखी धावणारी अशी कोणी घे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा टाकला.

तिने बांधली ती हाळी. हाळी जिला हाक मारेल ती वस्तू ऐकते. दाराला ‘उघड’ म्हटलं की दार उघडतं, धावत्या बसला ‘थांब’ म्हटलं की बस थांबते. इतकी महाग शक्ती आमच्या टेबलावर कोणी घेतली नव्हती. शंभर पॉइंटांत ती बसणं शक्यच नव्हतं, म्हणून खाली उणीव होती: शब्द उशिरा येतो, कधी भलताच येतो, आणि भलता आला तर भलतंच घडतं. त्याखाली तिने एक ओळ घालून अधोरेखित केली होती. शब्द खेळणाऱ्याने स्वतः, मोठ्याने, वाळूचं घड्याळ रिकामं व्हायच्या आत म्हणायचा.

“अगं, हा काय हट्ट?” मी म्हणालो. “बाहेर रोज तेच करतेस, इथे तरी...”

“इथे... इथेच,” ताई म्हणाली.

खेळ सुरू झाला आणि मास्तरांचा जीव पातळ झाला. मास्तर भला माणूस. शिकाऊ पोरांनी गाडी खांबावर घातली तरी त्यांचा आवाज चढत नाही. हाळीची पाळी आली की ते घड्याळ हळूच आडवं करायचे. ताई “द... दि...” म्हणाली की हे लगेच, “दार ना? उघडलं दार!” एकदा ती ‘पूल’ऐवजी ‘फूल’ म्हणाली, तर यांनी गोष्टीत फुलांनी मढलेला पूल आणला आणि वर ‘वा वा’ केलं. हाळी दर रविवारी जिंकत होती आणि ताईचा चेहरा दर रविवारी दगडासारखा होत चालला होता.

एके दिवशी असाच एक विजय झाल्यावर तिने खोडरबर मागितलं. शब्द आला नाही, म्हणून बोटाने दाखवलं. आधी तिने उणिवेचे पॉइंट खोडले. पॉइंट गेल्यावर शक्ती परवडेना, म्हणून मग हाकेची शक्तीही खोडली. हाळीजवळ उरला एक कोट आणि बऱ्यापैकी चालता येणं. तो कागद तिने मास्तरांपुढे सरकवला.

“पो...” ती म्हणाली. आम्ही तिघंही तिला शब्द द्यायला पुढे वाकलो. तिने हात वर करून आम्हाला थांबवलं. “पोक... पोकळ.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “ताई, तुम्हाला अडखळताना मला बघवत नाही हो.”

“बघा,” ताई म्हणाली.

हा शब्द तिला शोधावा लागला नाही. मास्तरांनी कागद जवळ ओढला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने हाळीची शक्ती आणि उणीव पेन्सिलीने पुन्हा मांडली, वाळूचं घड्याळ टेबलाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, “ठीक आहे. पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी त्यांनी लिफ्ट आणली. ताईपुढे लिफ्ट! खऱ्या लिफ्टला इतके ब्रेक असतात की ती अशी पडतच नाही, हे तिने आम्हाला हजारदा ऐकवलं होतं. म्हणून मास्तरांच्या खलनायकाने एक सोडून सगळे ब्रेक कापले होते. आतली माणसं पहाडने बाहेर ढकलली आणि तो एकटाच आत राहिला. शेवटचा ब्रेक घसरत होता. हाळी जिन्यात उभी. मास्तरांनी घड्याळ उलटं केलं.

हवा होता एक शब्द. थांब. तो माझ्या जिभेवर येऊन बसला होता. पहाडला मी कित्येक वर्षं पोसला होता, आणि सांगायला लाज कसली, माझा त्याच्यावर जीव होता.

“सो...” ताई म्हणाली, आणि तिला कळलं, पण जीभ पुढे गेली होती. “सोड.”

“ब्रेक सुटला,” मास्तर म्हणाले. “लिफ्ट खाली येतेय. वाळू अजून आहे.”

ताईने टेबलाची कड धरली. कपाळावर घाम आला. “था... ता... थाळ...” नर्सबाईंनी तोंडावर हात धरला. मास्तरांचा हात घड्याळाकडे निघाला, मी त्यांच्याकडे डोळे वटारले, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी जीभ चावली. वाळू संपली.

“लिफ्ट पडली,” मास्तर म्हणाले. “पहाड गेला.”

मी पहाडच्या कागदावर आडवी रेघ मारली. ताईने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, हाळीचा कागद ओढला आणि उणिवेचे जे पॉइंट मास्तरांनी पेन्सिलीने लिहिले होते, ते शाईने गिरवले. एकेक आकडा दाबून. मग माझ्या डोक्यावर टपली मारली.

“उंट... वाचला,” ती म्हणाली आणि इतकी हसली की आम्हालाही हसावंच लागलं.

हसणं ओसरल्यावर ती उठली, टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक केलं. मास्तर काही न विचारता उठले.

आता लिफ्टमन पुन्हा ताई आहे. तिच्या एका वाक्यात चहा निवतो. जी मारामारी पूर्वी एका दुपारी उरकायची, तिला आता महिना लागतो. आम्ही थांबतो. मी नवा हिरो बांधलाय, आणि पहाडच्या आठवणीखातर त्याला उंटाची भीती ठेवलीय. परवा खलनायक काय म्हणाला ते सांगताना ताई एका शब्दावर अडली, आणि माझ्याने राहवलं नाही, मी तिचा शब्द पुरा केला.

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवलं, आणि मग एकदाही न अडखळता म्हणाली, “दार उघडतं. आत उंट.”